गोफण कोणीकडं

१८ जाने.
तालीम. नाटक सरांनीच लिहिलंय, जुन्या देशमुखाच्या वेठीचं, आपल्याच गावचं. माझा पार्ट माझ्याच आज्याचा. वाक्य एकही नाही. ज्वारीत माणसं लपलेली, वेठीला न्यायला घोडेवाले येतात. मी मचाणावर. ज्या वावरात कोणी नाही तिकडं गोफणीनं दगड टाकायचा. तिथली पाखरं उठतात, घोडेवाल्यांना वाटतं माणसं तिथंच. तिकडं पळतात. एक सोडून सगळे वाचतात.
सर म्हणे, "पाठांतर तुह्यानं व्हत नाई, म्हून मुका पार्ट देला." खरंय. दहावीत दोनदा तेच.
पडदा एकच, ज्वारीचा. लपलेले डावीकडं. दगड उजवीकडं.

२१ जाने.
गोफणीला सुतळी आणायला तामसीला गेलो. बसस्टँडवर टेम्पोवाला भेटला, बेज्जूरकडं चालला होता. बसलो.

२३ जाने. बेज्जूर
प्राणहिता नदी पाह्यली. एक जण जाळं सोडवत होता, दिवसभर त्याच्याजवळ. तेलुगूत काही विचारायचा, मी अवनु अवनु. कशाला हो म्हटलं काय माहीत. सुतळी राह्यली.

२६ जाने.
दुपारी पोचलो, संध्याकाळी नाटक. मी गोफण उजवीकडं सोडली. दगड नाही, कापसाचा बोळा. पण मी नसताना सरांनी बाजू बदलल्या होत्या. डावीकडं स्पीकरचा डबा आला, म्हणून लपलेले उजवीकडं बसवले. मला कोणी सांगितलं नाही. सर विंगेतून हात हलवत होते, मला वाटलं शाबासकी. घोडेवाल्यांना सांगितलेलं एवढंच, बोळा जाईल तिकडं पळा. पळाले. लपलेल्यांना धरलं. आता धरलंच म्हणून ओढत नेलं.
लोकांच्या टाळ्या.
लक्ष्मण बुढा काठी टेकत स्टेजपाशी आला. तो एक जो वाचला नाही, तो याचा बाप. नेला तो परत आलाच नाही. माझा हात धरला. "पोरा, तुह्या घरातून कोणीतरी खरं बोललं."
बा मागंच उभा होता, थंडीची माझी चादर घेऊन. चादर स्टेजवर ठेवली अन् घरी गेला.

२७ जाने.
सर : "अबे, सोताच्याच आज्याले फितूर केलं तू! तुही आजी होती तवा तिनं सांगितलं तसंच लिहिलं होतं मी."
बुढ्याकडं गेलो. तूर निवडत होता. सांगितलं, माझी चूक झाली, बाजू बदलली होती.
हसला. "बापानं धाडलं काय?"
काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं बहुतेक. बुढ्याच्या तुरीत खडे फार होते.

३० जाने.
बा टपरीवर चहाला जात नाही. घरीच कोरा घेतो.
"बा, गावात आधीपासून बोलत होते काय असं?"
"जेव."
ताट उचलताना मग, "बोलत होते. तुह्या आजीनं सांगितलं तेच मलेबी ठाव. मी काय होतो तवा?"

३ फेब्रु.
आमच्या मचाणावर चढलो. माझ्या दोस्ताला, गोटूला, आमच्या ज्वारीत लपवला. शेजारच्या वावरात दगड टाकला. पाखरं उठली. एक गिरकी घेतली अन् आमच्या ज्वारीवर आली. बसायला खाली गेली, गोटू दिसला असंल, भर्रकन परत वर. नेमकी तो बसला तिथूनच.
पुन्हा टाकला. तेच. तिसऱ्यांदा तेच. घोड्यावरून आंधळ्यालाही दिसलं असतं.
गोटू खालून, "झालं काय बे? काऊन बसवून राह्यला? उंदरं हायेत इथं."
म्हणजे आज्यानं दगड बरोबर बाजूला टाकला असंल तरी पाखरांनीच...
खाली उतरायला उशीर केला. पाय मुंग्यांनी भरले.

८ फेब्रु.
सरांना सांगितलं. ऐकून घेतलं. "पाखरं कुठून आणू मी स्टेजवर? उद्या तामसीला प्रयोग हाय. लपलेले उजवीकडंच राह्यतील. डावीकडं टाक, विषय संपव." मचाणाच्या फळीवर खडूनं बाण काढून दिला. डावीकडं.
बाला नाही सांगितलं. सांगितलं तर कोणतं सांगू.

९ फेब्रु. तामसी. विंगेत
बा आला. बोलावलं नव्हतं. लक्ष्मण बुढाही त्याच बसनं आला. एक पुढं बसला, एक मागं.
बानं पिशवीतून गोफण काढली. आज्याची. सुतळी नवी लावलेली.
"हे घे. तुही अर्ध्यात सुटते."
"बा, कोणीकडं टाकू?"
खडूचा बाण पाहत राह्यला. "मी कुठं बसू, ते सांग आंदी."
पहिल्या रांगेत बुढा हाये, काठी मांडीवर आडवी. सगळ्या खुर्च्या भरल्या, त्याच्या बाजूची एक सोडून. बा तिच्यापाशी जाऊन उभा राह्यला. अजून उभाच हाये.
घोडेवाले निघाले. सर हात हलवून राह्यले.