पळीचे दोन ठोके

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्र

आजपासून आपलं सावजी हॉटेल 'फॅमिली रेस्टॉरंट' झालं. नवा रंग, नवे दिवे, मेनूत मॉकटेल. दादा असता तर म्हणाला असता, "सरबताले एवढे नखरे कायले?" गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी त्याने हे हॉटेल काढलं. गेल्या पावसाळ्यात तो गेला. किचनमध्ये त्याची एकही वस्तू मी ठेवली नाही. मुद्दाम. नाहीतर माझ्याने कामच झालं नसतं.

तरी आज ऐकू आलं. ठक, ठक.

रस्सा उतरला की दादा किचनच्या खिडकीवर पळी दोनदा ठोकायचा, मग मी ताट उचलायचो. आज ते ऐकलं आणि गल्ला सोडून धावलो. कोपऱ्यातली जुनी गिऱ्हाइकंही वळून पाहत होती. एकाने तर हातातला घास खाली ठेवला.

आत सुनंदाबाई, नव्या स्वयंपाकीण. चव जमवायला गेल्या आठवड्यात लाखनीच्या ढाब्यावरून आलेल्या. दादाला त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नाही. माझा आवाज चढलाच.

"हे ठोकाचं कोनं शिकवलं तुमाले?"

त्या घाबरल्या. "तुमीच तं ठोकता, भाऊ! आल्यापासून पाहून राहिली मी. रस्सा चाखला का पळी दोनदा ठोकता. मले वाटलं, इथला रिवाज हाय."

मी? कधी?

घरी आल्यापासून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. हे लिहायला एक काढावा लागला.