तांबडोबाचा चुकीचा आकडा

प्रिय दादा,

आज सकाळी तुझी शाळेची बस दाराशी आली, हॉर्न वाजला, आणि मी नातीला दंडाला धरून घरात ओढलं. तिला बरं नाही असं खिडकीतूनच ओरडले. ती चांगली ठणठणीत आहे, माझ्यावर रुसून बसलीय. बाकीची एकतीस पोरं घेऊन तू निघून गेलास आणि मी तोंड उघडलं नाही, याची मला इतकी लाज वाटतेय की सकाळपासून शिवणयंत्रावर बसवत नाही. बसले तर गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी जोडून ठेवली. कालपासून मी ताळ्यावरच नाही. आई गेली तेव्हासुद्धा असा धक्का बसला नव्हता. ती आजारी आहे हे निदान ठाऊक होतं.

तांबडोबा तू दाखवलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते. म्हातारा तारा, पण अंगात काय खोड! फुगायचं, आकसायचं, वर्षातून एकदा लालबुंद होऊन मिरवायचं आणि मग इतकं मंद व्हायचं की दुर्बिणीतूनही हुडकावं लागावं. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा ठरवायचा, जितका मंद तितका आकडा मोठा. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा आणि त्याआधी एकमेकांना विचारायचं नाही, हा नियम तुझाच. एकदा मी तुझी चिठ्ठी चोरून पाहिली तर आठवडाभर अबोला धरला होतास, दुष्टा. पंचेचाळीस वर्षं आपले आकडे आकाशनिरीक्षकांच्या मंडळाकडे जाताहेत आणि क्वचितच जुळताहेत. सेक्रेटरीबाई उगाच नाही आपल्याला भांडखोर भावंडं म्हणत.

गेल्या वर्षापासून मात्र जुळायला लागले. तू सहज फोन करायचास, तुझा किती आला गं म्हणायचास, आणि मी भोळसटासारखी सांगून मोकळी व्हायचे. मग सोमवारी बाईंचा फोन आला. तांबडोबा मंदावलेला असताना मी शेजारच्याच ताऱ्याला तांबडोबा समजून बसले होते. सगळ्यांचा आकडा नऊच्या आसपास, माझा साडेसहा. इतक्या वर्षांनी नवशिक्याची चूक! पण बाई हसत म्हणाल्या की दादांचाही साडेसहाच आहे. मला वाटलं, स्वारी आळशी झाली, नुसती माझी नक्कल मारतेय. तुझा कान धरायला म्हणूनच काल आले.

गच्चीवर जाताना मी बोलून गेले की आज नऊच्या खाली नसेल. तू दुर्बीण डोळ्यांना लावलीस. पुढच्या काचांवरची झाकणं काढायची मी विसरले होते, ते सांगणार तेवढ्यात तू म्हणालास की हो, नऊच आहे, पण लाली छान दिसतेय. दादा, झाकणं लावलेली होती रे! मिनिटभर तू त्या झाकणांकडेच बघत राहिलास. मग जिना उतरताना तू प्रत्येक पायरी पायानं चाचपलीस, तेव्हा सगळं एकदम ध्यानात आलं. बंद केलेला पेपर. कपाबाहेर ओतलेला चहा. बसच्या दाराला पडलेला तो लांब ओरखडा, ज्याचं खापर तू फाटकावर फोडलंस. मी पोटदुखीचं निमित्त करून न जेवताच पळाले.

रस्ता पाठ आहे, असं म्हणशील. असेलही, पण रस्त्यात मध्येच धावत आलेलं पोर कुणाला पाठ असतं? फोन केला असता तर तू एकट्यानं ऐकून हसण्यावारी नेलं असतंस, आणि घरात कुणाला सुगावा लागू दिला नसतास. म्हणून हे पत्र, आणि तेही माझ्या या बारीक अक्षरात. हे तुला वाचता येणार नाही. ते तुला वहिनीकडूनच वाचून घ्यावं लागणार, आणि आत्ता तीच वाचतेय. वहिनी, थांबू नकोस, रड मागाहून. शाळा चार वाजता सुटते. दुसरा ड्रायव्हर पाठवा असं मी शाळेला कळवलंय, कारण विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. दादा, मला काय हवं ते बोल, जन्मभर अबोला धर. पण मी खाली जिन्याशी उभी आहे. बसच्या किल्ल्या घेऊन ये, आपण आधी शाळेत जाऊ आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पायऱ्या मोजत बसू नकोस, हाक मार, मी वर येते हात धरायला.

तुझीच, घाबरलेली,
धाकटी