बास रुसतो ते महिने

प्रिय ट्वायला,

फोन करायचा सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि बोलून झालं की हसतेस. तू हसलीस की माझा निम्मा राग तिथंच विरघळतो. या खेपेला मला तो विरघळू द्यायचा नाहीये. म्हणून दुकानाच्या गल्ल्यामागं बसून लिहिते आहे. समोर जिवंत आमिषाच्या टाक्यांचा पंप घुरघुरतोय, आणि बाहेरच्या बाकावर डॅडी आणि त्यांचा लाडका दोस्त पर्व्हिस पेकन अक्रोडांची टरफलं माझ्याच पायरीवर टाकत बसले आहेत. झाडायचं कोणी, ते तुला ठाऊक आहे.

दोघांचं भांडण नेहमीचंच चाललंय. बास मासा सगळ्यात जास्त कुठं रुसतो, म्हणजे गळाला तोंडच लावत नाही, आणि कधी. काल मिसूरीचा एक जण बोट घेऊन आला होता, त्यानं काडी टाकली. म्हणाला, "आमच्याकडं पानगळीत सबंध तळं उलटतं हो! तळाचं पाणी वर येतं, कुजकट वास सुटतो, आणि मासे असे पांगतात की एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही." पर्व्हिसचा भाऊ फ्लोरिडात असतो, म्हणून पर्व्हिस फ्लोरिडाची बाजू घेतो: जानेवारीत एक रात्र थंड गेली की तिथले बास तोंडाला शिवण घालतात. डॅडी शांतपणे ऐकून घेतात आणि टरफल टिचकीनं उडवून म्हणतात, "तुमची एक रात्र, ह्या मिसूरीवाल्यांचा फार तर एक आठवडा. आमच्या अलाबामात सबंध ऑगस्ट असतो, बाबांनो. पाणी अंगाला लावलं तर भाजतं. ऑगस्टमध्ये इथं बास काढून दाखवा, मग बोला." मग पर्व्हिस मुद्दाम विचारतो, "आणि ट्वायलाच्या मिनेसोटात?" डॅडींचा चेहरा कसा उजळतो म्हणून सांगू! "तिथं तर देव तळ्यावर बर्फाचं झाकणच घालतो," म्हणतात. पर्व्हिस दर वेळी हे विचारतो, आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून आत जाते.

तुला हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंही नाही. मम्मी गेली तेव्हा तू इतकी लहान होतीस की तुला दुकानात एकटं ठेवणं शक्य नव्हतं. डॅडींना गिऱ्हाइकांना घेऊन तळ्यावर जावंच लागायचं, त्यावरच घर चालायचं. मग सरळ हिशेब झाला. थोरली दुकानात, धाकटी बोटीत. कोणी कोणाला विचारलं नाही. पहाटे तुम्ही दोघं धक्क्यावरून निघायचात. तुझ्या डोक्यावर त्यांची टोपी नाकापर्यंत आलेली असायची, आणि मी टाकीत हात घालून मेलेले मासे वेचत असायची. मला बासच्या वजनावरून तो नर की मादी ते सांगता येतं, कुठल्या महिन्यात कुठलं आमिष खपतं ते झोपेत विचार. पण त्यानं दोर ओढला की मनगटात काय होतं, ते मला आजतागायत माहीत नाही. इतकी वर्षं गळ विकणारी बाई, आणि एकदाही पाण्यात गळ टाकलेला नाही! चर्चमध्ये कोणाला सांगितलं तर थट्टा वाटेल.

तू आर्नेशी लग्न करून उत्तरेला गेलीस, त्या दिवशी मी रडले ते खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस घट्ट बांधून धक्क्यावर जाऊन उभी राहिले होते, तेही खरं. डॅडींनी बोटीतल्या तुझ्या जागेवर बर्फाची पेटी ठेवली, पट्ट्यानं आवळली, आणि मला म्हणाले, "रीथा, दुपारी तो गंज न चढणाऱ्या गळांचा माल येणार आहे, तेवढा मोजून घे." बर्फाच्या पेटीचा हेवा केलेली माझ्यासारखी दुसरी बाई या तळ्याच्या काठी नसेल.

आणि तुमचे ते रविवारचे फोन. मी रश्शाचं पातेलं ढवळत असते आणि मला अर्धंच ऐकू येतं. "हो का? किती फुटांवर? मग खालीच बसलाय तो, हलणार नाही. अगदी हळू खेच, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढतात तसं." हे माझे डॅडी बोलतात, जे मला दिवसभरात "मीठ दे" आणि "फोन वाजतोय" याखेरीज काही बोलत नाहीत!

आता ऑगस्टबद्दल. तू आठवडाभर आलीस, आणि नेमकी अशा दिवसांत आलीस की पर्व्हिससारखा पर्व्हिस बोट ओढून अंगणात ठेवून बसला होता. सकाळी नऊच्या आत सगळे किनाऱ्याला लागायचे, एकाच्याही पिशवीत काही नसायचं. आणि तू भर बारा वाजता, डोक्यावर सूर्य असताना, त्या दाट पाणगवताच्या गालिच्यातून जड शिसं बांधलेला गळ खाली सोडलास, आणि तळाच्या सावलीतून नऊ पौंडांची मादी वर काढलीस. धक्क्यावर माणसं जमली. मला टाकीजवळूनच आरडाओरडा ऐकू आला. डॅडींनी तुझा हात सगळ्यांना दाखवत वर धरला आणि म्हणाले, "बघा रे, हे हात माझे आहेत. मी फक्त हिला उसने दिलेत." फोटो मी काढला. तो भिंतीवर ठोकलासुद्धा मीच. जरा वाकडा आहे, तो मुद्दाम तसा ठोकलाय, हे तू ओळखलं असशीलच.

त्या मादीला पाण्यात परत सोडल्यावर तुम्ही दोघं पुन्हा बोट घेऊन गेलात. मी टोमॅटोची सँडविचं करून ठेवली होती, भेंडी तळली होती. पाव भिजून लगदा झाला, भेंडी मऊ पडली, तरी तुमचा पत्ता नाही. आलात ते दोघंही लाल डोळ्यांनी. मी म्हटलं, "चांगलंच ऊन लागलं की," आणि तू म्हणालीस, "हो ना, फारच." मी तुझ्यावर मनातून इतकी चिडले होते की तुझा आवाज नीट ऐकलाच नाही. मला वाटलं, घ्या, आता सबंध दुपारही हिनंच घेतली.

ऑक्टोबरमध्ये डॅडी बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर पडले, ते मी तुला फोनवर सांगितलंच आहे. काय सांगितलं नाही, ते आता ऐक. हंट्सव्हिलच्या इस्पितळात तो तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन हृदयाच्या झडपेचं चित्र काढून दाखवायला लागला, आणि माझा चेहरा बघून मध्येच थांबला. म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या बहिणीशी तर माझं उन्हाळ्यापासून बोलणं चालू आहे. शस्त्रक्रियेसाठी त्यांचं मन त्याच वळवतायत." मी म्हटलं, "हो हो, माहीत आहे, जरा विसरले." ट्वायला, मी एका परक्या पोराशी खोटं बोलले, कारण माझ्याच घरातली गोष्ट हजार मैलांवर ठाऊक होती आणि माझ्या स्वयंपाकघरात नव्हती, हे मला त्याच्यासमोर कबूल करवेना. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात मी रोज सकाळी गोळ्या भरते. त्या कशाच्या म्हणून विचारलं तर "रक्तदाबाच्या" म्हणायचे. त्यांना दम लागला की मी ओरडायची, "तळलेलं खायचं कमी करा जरा!" आणि तू तिकडून सगळं जाणून होतीस. मला आधी भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. आधी हेवाच वाटला. त्यांनी त्या दुपारी बोटीत तुझ्याजवळ मन मोकळं केलं, तुझ्यासमोर रडले. भीती नंतर आली, गाडीत एकटी बसले आणि घराचं वळण मागं टाकून पुढं गेले तेव्हा.

घरी आणल्यावर मी त्यांच्याशी बोलत नव्हते. बिस्किटांचे मऊ पाव आणि ग्रेव्ही ताटात वाढायची आणि ताट आपटायची. ते गुपचूप खायचे. शेवटी एक दिवस मी धक्क्यावर टाक्या धूत होते, तर ते काठी टेकत आले आणि उलट्या बादलीवर बसले. मी पाण्याकडं बघतच विचारलं, "मला का नाही सांगितलंत, डॅडी?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "ट्वायलाला सांगितलं, कारण ती आठवड्यानं जाणार होती. रडली तरी ते मला रोज बघावं लागणार नव्हतं. तू रोज सकाळी माझ्यासमोर कॉफी आदळतेस, 'पायातला चिखल बाहेर काढून या' म्हणून खेकसतेस. त्यावर माझा दिवस सुरू होतो, पोरी. तुला सांगितलं असतं तर तू खेकसायची थांबली असतीस. माझ्याशी हळू बोलायला लागली असतीस. मग मी मेलोच की."

मी टाकी घासत राहिले. ती स्वच्छच होती. मग ते म्हणाले, "तू गेले चार दिवस ताटं आपटतेयस ना, तेवढे बरे गेले मला." मी म्हटलं, "मग उठा तिथून. ती बादली मला हवीय." आणि ते हसले, ट्वायला. माझ्यामुळं हसले.

त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिलाय. तू रविवारी फोन करशील तेव्हा ते सांगतीलच, पण मला ही बातमी तुला आपल्या हातानं द्यायची होती. एक तरी बातमी तुझ्याआधी माझ्याकडं असू दे. फेब्रुवारीत होईल. अट एकच घातलीय त्यांनी: त्याआधी एकदा तुझ्याकडचं ते झाकण बघायचं. ऑगस्ट उभी हयात पाहिला, आता जानेवारीतला बास बघायचाय, रुसून बर्फाखाली बसलेला. डॉक्टरनं कुरकुर केली, पण परवानगी दिली. जड उचलायचं नाही, बर्फाला भोक त्यांनी पाडायचं नाही, गारठ्यात फार वेळ बसायचं नाही, आणि वाटेत थांबत थांबत यायचं. गाडी मी चालवणार आहे. दुकान पर्व्हिस बघेल, म्हणजे तो काय बघणार, पण असो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आम्ही आल्यावर तुझं तळं, तुझी बर्फावरची ती खोपटी, तुझी शेगडी, सगळं तुझंच आहे, मान्य. तू त्यांना हवं तितकं घेऊन जा. पण एक दिवस, ट्वायला, फक्त एक दिवस तू घरी राहा. आर्नेला सांग, भोक पाडून दे आणि निघून ये. तू सूप कर, खिडकीतून बघ, वाट बघ, भेंडी मऊ पडते तेव्हा कसं वाटतं ते बघ. खोपटीत मी आणि डॅडी बसू. मला गाठ मारता येत नाही, ती तेच शिकवतील. मासा लागणार नाही, मला माहीत आहे. जानेवारीत तुमच्याकडं कोणालाच लागत नाही म्हणतेस. आणि समजा लागलाच, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आनंदाच्या भरात डॅडी मला तुझ्याच नावानं हाक मारतात, आजकाल जरा जास्तच. बर्फावरून तुला "ट्वायला!" अशी हाक ऐकू येईल. तू धावत येऊ नकोस. मी ओ देईन.

तुझीच,
रीथा