खुर्ची न सोडलेला मंत्री

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. इथे टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीतल्या खोलीत, माझा प्रबंध संपत आलाय. विषय, जपानचा दुसऱ्या महायुद्धातला एक परराष्ट्रमंत्री. यंदा युद्ध संपून पन्नास वर्षं होतायत, त्यामुळे जो तो त्याच्याबद्दल जपून बोलतो. वकिलातींमध्ये मुरलेला हुशार माणूस. त्याला युद्ध नको होतं. त्या काळी मंत्रिमंडळाचा निर्णय एकमतानेच व्हायचा. एकजण जरी अडून बसला तरी सरकार कोसळायचं. त्याने विचार करायला वेळ मागून घेतला, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि होकार दिला. का, तर आपण उठलो तर त्या खुर्चीत आणखी वाईट माणूस येईल.

हे वाचलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आणीबाणी आहे. तुम्ही पाटावर बसलाय, आई पोळ्या करतेय. ओढ्याकाठच्या झोपड्या पाडायच्या हुकमावर तुम्ही सही करून आलाय, आणि त्यात आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचीही झोपडी आहे. मी विचारते, "सही का केलीत?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणता, "मी नाही केली तर दुसरा करेल. तो त्यांना सामान हलवायलाही वेळ देणार नाही. तुला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही त्यांना थोडा वेळ मिळवून दिलात, हे खरं आहे. पण झोपडी पडलीच ना?

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे: नकार हातात असताना दिलेला होकार हा होकारच. माझे प्राध्यापक म्हणजे भला माणूस. परवा चहा ओतता ओतता म्हणाले, "हे वाक्य जरा अवघड आहे." इथल्या बोलण्यात याचा अर्थ, काढून टाका. याच मंत्र्याने पुढे राजीनामा दिला, शेवटी परत येऊन युद्ध थांबवायला धडपडला आणि तुरुंगवासातच गेला, हे विसरू नका म्हणाले. विसरले नाही, त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. पण वाक्य काढणार नाही. प्रबंध रखडला तर रखडू दे. शिष्यवृत्ती गेली तर एखाद्या हॉटेलात तासावर काम करीन.

आई सांगते, त्या सहीनंतर कितीतरी दिवस तुम्हाला जेवण जात नव्हतं. असेल. मावशींनाही जात नसेल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही वाचून नुसते चष्मा पुसत बसला असता, आणि मी प्रबंधातलं ते वाक्य खोडलं असतं.