गप्प बसणारा डबा

दुकान,
ता. ३ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. तुझी वहिनी, मी, शिवणाची दोन्ही मशीनं आणि बाबा. बाबांना शेवटी लिहिलं, कारण आजचं पत्र त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून तर घरी न लिहिता दुकानात कटिंगच्या टेबलावर लिहितोय.

तुझा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिलास, तेव्हा घरात किती आनंद झाला होता. जुने सिनेमे लागतात, खाली मोठ्या अक्षरांत संवाद दिसतात, त्यामुळे कमी ऐकू येत असूनही बाबांचं काही निसटत नाही. उलट खुनी कोण हे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि तुझी वहिनी चिडते. पण त्या डब्याचा पंखा घरघर करतो. आपण ती विसरून जातो. बाबांच्या कानातल्या मशीनमध्ये मात्र तीच घरघर मोठी होऊन शिरते. मशीन काढलं तर माणसांचं बोलणं जातं, ठेवलं तर डोकं उठतं.

त्यांनी तक्रार केली नाही. झोप येते म्हणत लवकर आतल्या खोलीत जाऊ लागले. आता संध्याकाळचं ताटही आतच जातं. परवा डोकावलो, तर झोपले नव्हते. मशीन डबीत ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. आम्ही कॉम्प्युटर बंद ठेवून पाहिला, तर माझ्यामुळे तुमची करमणूक का बुडवता म्हणून रागावले. सकाळी प्रार्थनेला बसतो, पण मन लागत नाही. घरातला माणूस घरात असून नसल्यासारखा होऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

मी माझ्या परीने उपाय केला. डब्याला जाड कापडाची खोळ शिवून घातली. आवाज कमी झाला, मग वास आला, मग डबा बंद पडला. आता गार झाल्यावर चालतो आहे. तू रोज असले डबे उघडतेस, तेव्हा तूच काहीतरी सुचव.

लोभ आहे तिथेच असू दे.

तुझा दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझी खोळ वाचून दुकानात एकटीच हसत सुटले. गिऱ्हाईक दचकलं. अरे, त्याला नाक आहे! तू त्याचं तोंड बांधलंस. नशीब, बटणं आणि काजं केली नाहीस. (केली होतीस का?)

पुढचं वाचलं आणि हसू गेलं. आई गेल्यावरसुद्धा बाबा बाहेरच्या खोलीत, सगळ्यांत बसायचे. भिंतीकडे बघणारे बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नाहीत.

कॉम्प्युटरच्या आतला ऐवज चांगला आहे. बदलायचं ते कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, आणि त्यातले पंखे. टीव्हीखाली ठेवायची कॅबिनेटं दोन तऱ्हेची मिळतात. एक चपटं. दिसायला देखणं, कुठेही मावतं, वहिनीला आवडेल. पण त्यात छोटे पंखे बसतात आणि छोट्या पंख्याला तेवढाच वारा द्यायला गरगर फिरावं लागतं. तो किरकिरतो. दुसरं रुंद आणि आडवं, जुन्या रेडिओसारखं धिप्पाड. त्यात मोठे पंखे संथ फिरतात, आतून जाड अस्तर असतं (हे तुला कळेल), आणि आवाज जवळजवळ नाहीच. मला दुसरंच घ्यायचं आहे. प्रश्न एवढाच की ते बाबांनी केलेल्या टीव्हीच्या कपाटात मावेल का. टीव्ही वर आहे, आणि जमिनीवर ठेवलं तर बाबा वायरीत अडकतील.

तेव्हा खालच्या उजव्या कप्प्याचं माप पाठव. टेपने घे, वितीने नको.

वहिनीला विचारलं म्हणून सांग. माझ्यावरचा लोभ खोळ न घालता ठेव.

तुझी छोटी


ता. १४ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. काजं केली होती. तो विषय इथे संपला.

सोबतच्या चिठ्ठीवर मापं लिहिली आहेत. बाबा अंघोळीला गेले असताना घेतली. तू काळजी करू नकोस, जन्मभर मापंच घेत आलो. घट्ट होणार नाही असं बघूनच आकडे मांडले आहेत.

माप घेताना कपाट पहिल्यांदाच नीट पाहिलं. सुतारकी सोडण्याआधीचं बाबांचं हे शेवटचं काम. अख्ख्या कपाटात एक खिळा नाही. फळीत फळी अशी बसली आहे, की जणू एकाच झाडात ती तशी वाढली असावी. त्यांनी हे बनवलं तेव्हा मी टीव्हीचं कपाट म्हणून पाहिलं आणि पुढे गेलो. मनात आलं, आपल्याला घडवणाऱ्याचं कामही आपण असंच बघत असू.

तुझ्या वहिनीचा निरोप : चपटं नसलं तरी चालेल, पण दिवे लुकलुकणारं नको, घराचं दुकान होतं.

लोभाला इकडे जागा कायम मोकळी आहे.

तुझा दादा


ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. कॅबिनेट आणि मोठे पंखे पाठवले आहेत. काळं, साधं, बिनदिव्याचं. तुझ्या मापात बरोबर बसेल असं सगळ्यात मोठं निवडलं, कारण जेवढं मोठं तेवढं गप्प. आकडे पाहून जरा नवल वाटलं. कपाट मला आठवत होतं त्याहून बरंच ऐसपैस निघालं. आपल्या शेजारच्या दुरुस्तीवाल्याला बोलाव, आतला ऐवज तो हलवून देईल. तू फक्त चहा दे. कात्री घेऊन जवळ जाऊ नकोस.

बाबा बाहेर बसले की लगेच लिही. नाही बसले तरी लिही.

लोभ थोडा बाबांकडूनही मागून घे.

तुझी छोटी


घर,
ता. १ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. कॅबिनेट मावलं नाही.

घाबरू नकोस, पुढे वाच. दुरुस्तीवाल्याने सगळं जोडून दिलं, चहा पिऊन गेला, आणि मी आणि तुझी वहिनी डबा आत सरकवायला बसलो. दोन बोटं जास्त. तिरका केला, उलटा केला, ढकलला. तुझी वहिनी म्हणाली, माप कुणी घेतलं होतं? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कप्पा मोजला आणि सवयीने त्यात सैलपणा धरला, सदऱ्याला धरतो तसा! अगं, सदरा अंगापेक्षा मोठा लागतो, पण डबा कप्प्यापेक्षा लहान लागतो. इतक्या वर्षांत वस्तू आत घालायचं माप मी कधी घेतलंच नव्हतं.

आम्ही ढकलत असताना आतल्या खोलीचं दार उघडलं. कानात मशीन नव्हतं. लाकडावर जोर चाललाय हे बाबांना कसं कळलं, देव जाणे. मी बोलू लागलो तसा त्यांनी हात वर केला, आत जाऊन मशीन कानात घालून आले आणि म्हणाले, आता सांग. माझी सबब त्यांना नीट ऐकायची होती. ऐकली. टेप मागून स्वतः कप्पा मोजला, तुला पाठवलेल्या चिठ्ठीतला आकडा मला पुन्हा विचारला, आणि हे कपाट अजून अंगाने भरणार आहे का, असं विचारून जमिनीवर बसून इतके हसले की तुझ्या वहिनीने पाणी आणलं.

मग पलंगाखालून हत्यारांची पेटी निघाली. कपाटातली मधली उभी फळी त्यांनी खालून दोनदा ठोकली आणि ती खाचेतून अलगद वर आली. आम्ही इतकी वर्षं ती पक्की समजत होतो! कप्पा रुंद व्हावा म्हणून बाजूला नवी खाच पाडून ती तिथे बसवली. पटाशी एकदाही घसरली नाही. मागची फळीही त्यांनी कापली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, याला श्वास नको का? खोळीची गोष्ट त्यांना तुझ्या वहिनीने कधीच सांगितलेली दिसते.

संध्याकाळी डबा आत बसला. बाबा समोरच्या खुर्चीत, मशीन कानात, वाट बघत. बऱ्याच वेळाने वैतागून म्हणाले, अरे, चालू कर की आता. तो केव्हाचा चालू होता.

ताट बाहेरच वाढलं. खुनी कोण हेही लगेच कळलं. तुझी वहिनी चिडली, आणि मी मनातल्या मनात हात जोडले.

आपला लोभ आता सैल मापाचाच असू दे. खालच्या चार ओळी बाबांच्या आहेत. मला वाचू दिल्या नाहीत.

तुझा दादा


चि. छोटीस, अनेक आशीर्वाद. डबा चांगला आहे, आवाज करत नाही. तुझा दादा मात्र सिनेमाभर बोलत असतो. मला तो डबा कसा ऐकू येत नाही, हे तो मलाच समजावून सांगतो. त्याच्या मापाचा असाच एखादा अस्तर लावलेला डबा मिळतो का, चौकशी कर. माप मी घेईन.

बाबा