मागच्या अंगणातला हॉली

१४ जानेवारी १९७४
कुसुम अजून दवाखान्यात. उद्या सोडतो म्हणाले. शांतवन, तिचा भाऊ, काटोलहून संत्र्यांची टोपली घेऊन आला. व्हरांड्यात तिची आरामखुर्ची कुठे मावेल ते पाहत होतो. वाटेत हॉलीचे, त्या काटेरी पानांच्या विलायती झुडपाचे, दोन ड्रम. कुसुम पहाडातल्या दवाखान्यात नर्स होती, तिथून येताना दोन रोपं मांडीवर घेऊन आली होती. एकाला नाताळात मूठभर लाल फळं येतात. दुसऱ्याला आजवर एक नाही.
शांतवन म्हणाला, "हा नर होय, भाऊजी. पपईतला नर कोनी ठेवते का? उगाच पानी पिऊन राहिला." संत्र्याच्या बागेत जन्म गेलेला माणूस. मी हो म्हटलं. दुपारपर्यंत झाड मुळासकट बाहेर. वाळलं की बंबाला होईल. खुर्ची ऐसपैस बसली.

१५ जाने.
कु. घरी. रिक्षातून उतरली आणि आधी ड्रमाकडे पाहिलं. "दुसरा कुठं गेला?"
तिला त्रास होईल असं काही नको, डॉ.नी बजावलं आहे. तोंडातून निघून गेलं, "मागच्या अंगणात. तुझ्या खुर्चीला जागा केली."
"बरं केलं," म्हणाली. खुश दिसली.

२६ फेब्रु.
हॉलीला फुलं. बारीक, पांढरी. कु. म्हणाली, "अहो, मागच्यालेही आली असतील. आता त्याले समोर आना. दोघं जवळ नसले तं फळ धरत नाही."
म्हटलं, त्याचा काय संबंध?
"नरावरून माशा इकडे आल्या तं हिले फळ. इतकी वर्षं काय बिनकामाचा सांभाळला मी त्याले?"
मागे गेलो. कोंबड्यांच्या जाळीपाशी उभा राहिलो. काय आणू? परत येऊन सांगितलं, ड्रम जड आहे, माशा जातील येतील. तिने मान हलवली. शांतवनचा राग आला. मग स्वतःचा, जास्त.

२ मार्च
महाराजबागेत माळ्याला विचारलं, हॉलीचा नर मिळेल का. हॉली हे नावच त्याने ऐकलेलं नाही. सदरला चर्चमध्ये विचारलं. तिथे नाताळात कागदाची लावतात. तारऑफिसात तीस वर्षं हजारो लोकांचे निरोप पोचवले. घरातला एक पोचवता येत नाही.

१९ मार्च
फुलं गळाली. देठाशी काही नाही. ती उठायच्या आत झाडून टाकली.

८ मे
आग ओकतंय. खिडकीला खसची ताटी, हॉलीलाही. पाणी मारून मारून हात दुखतात. कु.चं खाणं पेजेवर आलं. आता पलंगावरून उठवत नाही. खिडकीतून हॉलीचा शेंडा तेवढा दिसतो तिला.
"मागच्याले ताटी लावली?"
"लावली."
रिकाम्या जागेला खरंच एक ताटी बांधावी असं मनात आलं. वेड लागायचं बाकी आहे.

११ ऑगस्ट
डॉ. मला फाटकापाशी घेऊन गेले. म्हणाले, बाई नाताळ बघतील बहुतेक, पुढचं सांगता येत नाही. कु.ने विचारलं तर म्हटलं, टॉनिक बदललं.
"फळं धरली असतील ना आता? हिरवी?"
"हो. पानांआड आहेत."
न्हाणीघरात नळ सोडून रडलो. फार वाईट वाटतंय. तिच्याजवळ खोटं बोलायची सवय नव्हती, ती आता लागली.

३० नोव्हें.
गांधीबागेच्या बाजारात उशांचं कापड घ्यायला गेलो. शेजारच्या दुकानात लाल काचमणी. हातात घेतले, ठेवून दिले. नर्स आहे ती. दारातूनच पाहून गोवर ओळखायची. मण्यांनी फसायची नाही.
दर नाताळला टेबलावर हॉलीची डहाळी असते. यंदा काय ठेवू?

२२ डिसें.
कु. आज बऱ्याच दिवसांनी नीट बोलली. "अहो, यंदा डहाळी नका तोडू. मलेच मागं न्या. त्याले पाहाचं आहे."
म्हटलं, थंडी आहे.
"शाल आहे ना."
मग माझा हात धरला. "वर्षभरात त्याचं एक पान नाही आनून दाखवलं तुम्ही. काहून?"
तिने पुन्हा विचारलं नाही. माझा हात मात्र सोडला नाही.
उद्या सकाळी शांतवन येतो आहे, तिला मागे नेताना खुर्चीची एक बाजू धरायला. मी तिला वर्षभर काय सांगत आलो ते त्याला ठाऊक नाही.
खुर्ची पुसून ठेवली. शालही काढून ठेवली.