लिंबाने न निघालेला डाग

सोलापूर, ९ डिसेंबर १९७३

प्रिय हेमावती,

अक्षर माझंच आहे, तेव्हा घाबरू नकोस. डाव्या हाताचा अर्धा अंगठा गेला, बाकीचा तुझा अप्पा जागेवर आहे. मीच कुणाला तुला आधी कळवू दिलं नाही, याचा राग धरू नकोस.

तुझ्या लग्नाआधीपासून त्या नखात काळी रेघ होती. रंगखान्यात तीस वर्षं सूत बुडवणाऱ्याच्या नखाकडे कोण बघतो? तुझी अव्वा मात्र बघायची, बायकोच ना ती. दर सोमवारी पूजेआधी मला मोरीपाशी बसवून लिंबाच्या फोडीने अंगठा घासायची. “रंगच हाय त्यो, घासला की जातोय,” म्हणायची आणि झोंबू नये म्हणून मध्येच फुंकर घालायची. मला ते आवडायचं, आता लपवून काय करू.

यंदाच्या उन्हाळ्यात पाण्याअभावी रंगखाना तीन महिने बंद पडला. नऊ नखं स्वच्छ झाली, दहावं तसंच. उलट रेघ रुंदावली, नखाच्या मुळाशी कातडीही काळवंडली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचा रंग कोणता केलात? मी म्हणालो, लाल. मग ही काळी रेघ रंगाची नाही, म्हणाले. नख काढून खालचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी कळलं, नखाखालचा कर्करोग. अंगठा राखायला गेलात तर जिवावर बेतेल म्हणाले, म्हणून सही केली. काखेत गाठ नाही, म्हणजे पसरलेला दिसत नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं. पुढचं ते खात्रीने सांगत नाहीत. भीती वाटते मला.

पण हे पत्र अंगठ्यासाठी नाही. तिच्या घासण्यानेच रोग झाला, असं अव्वाने मनाला लावून घेतलंय. घासल्याने हा रोग होत नाही, असं डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन होती नव्हती ती लिंबं परसात फेकली. ताट वाढते, सदऱ्याची बटणं लावते, पण डाव्या हाताला बोट लावत नाही. पट्टी शेजारचा कल्लप्पा बदलतो. माझं तिने आजवर काय ऐकलंय? तुझं ऐकते. जावईबापूंना सांगून मंगळवेढ्याहून सकाळच्या एस.टी.ने ये. माझे किती दिवस उरलेत ठाऊक नाही, पण ते असे अंतर राखून जायला नकोत. तू फक्त तिचा हात माझ्या डाव्या हातावर ठेव. पुढचं आमचं आम्ही बघू.

तुझाच,
अप्पा